म्यूचं शेपूट

चारुता नागपूरच्या एका शाळेत अकरा वर्षं फिजिक्स शिकवायची. वस्तुमानाची एककं हा तिचा हातखंडा धडा. आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत किलोग्रॅम मूळ एकक. ग्रॅम, मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम त्यातूनच निघालेली, तीही अधिकृत. टन मूळचा त्या पद्धतीतला नव्हे, पण सोबत वापरायला मान्यता आहे. क्विंटलला तीही नाही. चिन्ह चुकलं की ती अर्धा मार्क कापायची आणि पालक भांडायला आले तरी द्यायची नाही.

अमेरिकेत बॉथेलला आल्यावर तिला जनावरांच्या पूरक खाद्याच्या एका छोट्या कंपनीत लेबलं तपासायचं काम मिळालं. पुढे नवऱ्याची नोकरी गेली आणि घरातल्या तिघांचा व्हिसा तिच्या त्या कामावर येऊन टेकला.

तिथे मायक्रोग्रॅमसाठी ‘एमसीजी’ छापत. तिच्या डोळ्यांत ते खुपायचं.

“हे अधिकृत चिन्हच नाही,” ती मॅनेजरला, शंतनूला म्हणाली. “मायक्रोसाठी ग्रीक म्यू असतो. डावीकडे शेपूट असलेला.”

“इथे सगळे एमसीजीच लिहितात यार. हॉस्पिटलमध्ये तर मुद्दाम लिहितात. घाईत म्यूचा एम वाचला जातो.”

“छापलेला म्यू कोण एम वाचेल?”

महिनाभर तिने ईमेल करून पिच्छा पुरवला. शेवटी तो कंटाळला. “कर तुला हवं तसं. सही तुझी.”

सेलेनियमच्या पावडरीचं नवं लेबल तिने स्क्रीनवर तीनदा पाहिलं: एका ग्रॅममध्ये दोनशे मायक्रोग्रॅम. सही केली. छपाईच्या मशीनमध्ये तो ग्रीक फॉन्टच नव्हता. मशीनने म्यूच्या जागी साधा एम टाकला आणि मायक्रोचे मिलिग्रॅम झाले. आकडा हजारपट फुगला. छापील नमुना मागवून बघायचं तिला सुचलं नाही.

एप्रिलमध्ये डोना नावाच्या एका मेंढ्या पाळणाऱ्या बाईचा फोन आला. तिच्या भागातल्या मातीत सेलेनियम कमी, वरून दिलं नाही तर कोकरं लुळी निपजतात. जास्त झालं तर तेच विष. ही पावडर तिने पहिल्यांदाच घेतली होती. लेबलवर ‘रोज एक चमचा’ होतं, पण वरचा आकडा वाचून ती हबकली आणि गाभण मेंढ्यांना जेमतेम कणभर देत राहिली. सोळा कोकरं उभीच राहिली नाहीत. त्यातली नऊ मेली.

“मला वाचता येतं,” डोना म्हणाली. “तुम्ही छापलं तेच मी वाचलं.”

दोन दिवसांनी शंतनूने डोनाला पाठवायचं पत्र चारुतापुढे ठेवलं. ग्राहकाने सांगितलेल्या मापापेक्षा कमी पावडर स्वतःच्या मनाने दिली, असं त्यात होतं.

“हे खरं नाही,” चारुता म्हणाली.

“खोटंही नाही. चमचा लिहिला होताच. तुझी चूक म्हणून लिहिलं, तर तुला काढावं लागेल. मग देश सोडायला हातात साठ दिवस. निमिषचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे ना?”

निमिष तिचा मुलगा. तिने सही केली.

पुढच्या शनिवारी ती दीड तास ड्राइव्ह करून डोनाच्या फार्मवर गेली. काय बोलायचं ते वाटेत मनाशी घोकत होती. डोना गेटपाशी आली. पत्र तिला मिळालं होतं.

“खालची सही तुमचीच?”

“हो.”

“मग बोलायचं काय राहिलं?” डोना म्हणाली आणि गोठ्याकडे वळली.

चारुता गेटपाशी थोडा वेळ उभी राहिली. आतून एक मेंढी सारखी ओरडत होती. मग चारुता गाडीत येऊन बसली. सोमवारी वेळेवर कामावर गेली.