गुरुजींचं मौन

रामघाटाच्या गल्लीत देवव्रत गुरुजींचं मौन प्रसिद्ध होतं. महिन्यातून दोनदा-तीनदा गुरुजी मौन धरत आणि त्यांची बायको नंदा दारात उभी राहून यजमानांना सांगे, "गुरुजी का मौन चल रहा है." काशीत यावर पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. उलट लोक बंद खोलीच्या दिशेनं हात जोडून जात. खोलीत गुरुजी पिऊन पडलेले असत. मौनं सर्वार्थसाधनम् म्हणतात ते काही खोटं नाही.

ही थाप नंदाचीच. एकदा इंदूरचे यजमान श्राद्धासाठी येऊन बसले होते आणि गुरुजींना त्यांचं गोत्रसुद्धा धड उच्चारता येईना. तिच्या तोंडून मौनाचं निघून गेलं आणि ते खपलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिनं मनाला समजावलं. पुढे तर गुरुजीच बाटली उघडण्याआधी म्हणू लागले, "अगं, आज मौन आहे हो माझं." तेव्हा मात्र तिला त्यांचा संताप येई. पण दारावर थाप पडली की उठून जायची तीच.

गेल्या थंडीत गुरुजींना रक्ताची उलटी झाली. इस्पितळातला डॉक्टर तरुण होता, त्यानं आडपडदा ठेवला नाही. "अम्मा, अब पिएँगे तो मणिकर्णिका का मसान आपके घर से दूर नहीं है." मग त्यानं एका बैठकीचा पत्ता दिला. दारू सोडू पाहणारे लोक दर रविवारी जमतात, पैसे नाहीत, औषध नाही. "वहाँ बस बोलना पड़ता है. इनको अपने मुँह से बोलना पड़ेगा." गुरुजी खाटेवरून ऐकत होते. घरी आल्यावर भिंतीकडे बघत म्हणाले, "जाऊ या. तू चल बरोबर. एकट्यानं नाही जमायचं."

त्या रविवारी संध्याकाळी त्यांच्या उपरण्याची घडीसुद्धा नंदानंच घातली. गल्लीतून जाताना दोघा-तिघांनी गुरुजींना नमस्कार केले, एकानं कुठे निघालात म्हणून विचारलं, नंदा म्हणाली संकठा देवीच्या दर्शनाला. मैदागिनच्या चौकात येऊन त्यांनी ऑटो केला. छावणीत एका चर्चच्या मागे शाळा होती, तिथली एक खोली. पाटी नव्हती. शाळेच्या फाटकावरून दोघं तीनदा पुढे गेले आणि परत आले, कारण कुणाला विचारायचं तर काय म्हणून विचारायचं? शेवटी नंदानं दरवानाला गाठलं. "भैया, वो... रविवार को लोग बैठते हैं न?"

"दारूवाले? पीछे चले जाइए," तो सहज म्हणाला. ज्या शब्दाला ती जन्मभर भ्याली तो त्या माणसानं पानाच्या पिंकेसारखा टाकला. आभाळ काही कोसळलं नाही.

आत लहान मुलांची बाकं गोल मांडली होती. त्या दिवशी घरच्यांनाही बसू देत होते. चहा आला. मग एक वयस्कर नावाडी उभा राहिला. "मेरा नाम शंभू है. मैं शराबी हूँ." सगळे म्हणाले, "नमस्ते, शंभू." मुलीची पाठवणी झाली तेव्हा आपण नावेत बेशुद्ध पडलो होतो, एवढंच त्यानं सांगितलं आणि तो बसला. कुणी चुकचुकलं नाही. नंदाला वाटलं, हे आपल्याला इतकी वर्षं का नाही कुणी दाखवलं?

मग सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं.

गुरुजी उठले. एका दमात रुद्र म्हणणारा माणूस, पण ओठ नुसते हलत होते. कपाळावर घाम आला. "मेरा," ते म्हणाले. मग पुन्हा, "मेरा नाम..." कुणालाही घाई नव्हती. नंदाला मात्र ते बघवेना. दारातल्या त्याच शांत, सरावलेल्या आवाजात ती बोलून गेली, "इनका मौन चल रहा है."

गुरुजींचं तोंड मिटलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं, पण सुटल्याचं समाधान होतं. त्यांनी सगळ्यांना हात जोडले आणि ते बाहेर पडले. खिडकीतून नंदाला दिसलं, फाटकाबाहेर ते ऑटोकडे वळले नाहीत, दारूच्या ठेक्याच्या दिव्यांकडे वळले.

"बहनजी, जाइए, रोकिए उन्हें," शंभू म्हणाला.

ती दारापर्यंत धावली. उंबऱ्यावर थांबली. हाताला धरून आणलं असतं तिनं, गुरुजी आलेही असते. आणि पुन्हा त्यांची जीभ अडली असती तर? आपण पुन्हा मध्ये बोलणार नाही, असा तिला स्वतःचा भरवसा वाटेना. ती परत येऊन गुरुजींच्या रिकाम्या बाकावर बसली. कुणी विचारलं नव्हतं, तरी बोलू लागली.

"मेरा नाम नंदा है," ती म्हणाली. पुढचं हिंदीत येईना. "ते बोलत होते हो. आत्ता बोलत होते. मीच गप्प केलं त्यांना."

त्या खोलीत मराठी कुणालाच येत नव्हतं. तरी सगळे म्हणाले, "नमस्ते, नंदा."