भिंतीकडची बाजू

पाथरवटाच्या म्हातारीच्या तोंडी लागायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. नवरा जाऊन कैक वर्षं झाली, तरी त्याच्या कामाला नाव ठेवलेलं तिला खपत नसे. आणि आता तर साऱ्या गावात तेच चाललं होतं. चौकातल्या बारा मजली इमारतीवर त्यानं घडवलेला एक दगडी चेहरा सुटला होता. नशीब म्हणायचं, खालच्या सज्ज्यावर अडकला, नाहीतर कुणाच्या तरी डोक्यात बसला असता.

ही गावातली पहिली उंच इमारत. आत लोखंडाचा सांगाडा, दगड नुसता बाहेरून अंगरखा घातल्यासारखा. भिंती बांधण्यात हयात घालवलेल्या तिच्या सासऱ्यानं तेव्हाच नाक मुरडलं होतं. जी भार उचलत नाही तिला भिंत म्हणायला तो तयारच नव्हता. वारा आला की ही आडवी होणार, असं शहाणीसुरती माणसंही सांगत. वरचे मजले ओस पडले होते. पुढे लिफ्टची भीती मोडली आणि त्याच मजल्यांवर कचेऱ्या थाटायला कंपन्यांत मारामारी सुरू झाली.

अगदी वर, छताच्या पागोळीखाली बायकांच्या चेहऱ्यांची एक रांग होती. ते काम पाथरवटाचं. चेहरे तो खाली अंगणात घडवायचा, गवंडी वर नेऊन चुन्यात बसवायचे. नवरा मुलखाचा घुमा. काम संपलं त्या दिवशी जेवताना एवढंच म्हणाला, "वर तू पण आहेस."

कुठली, म्हणून तिनं विचारलं, तर गडी खाली मान घालून जेवतच राहिला. मग मान मोडेस्तोवर ती चौकात उभी राहिली. तिथून सगळ्याजणी उकडलेल्या बटाट्यासारख्या दिसत. आपली थट्टा केली की खरंच सांगितलं, हे कोडं त्यानं जाताना सोबत नेलं, याचा तिला आजही राग यायचा.

जावई त्याच इमारतीत कारकून. त्यानं बातमी आणली, की कंपनी सगळेच चेहरे उतरवते आहे आणि दोष पाथरवटाच्या माथी मारला आहे. म्हातारी भडकली. दगड चोख होता, गवंड्यांनी चुना खाल्ला असणार, असं म्हणत तिनं पायात चपला सरकवल्या. जावई बिचारा गयावया करत मागोमाग. जन्मात कधी लिफ्टमध्ये पाऊल न टाकलेली बाई, पण त्या दिवशी घाबरायलाही तिला सवड नव्हती.

उतरवलेले चेहरे वरच्या मजल्यावर भिंतीला टेकवून ठेवले होते. जवळून ते भलतेच ओबडधोबड, नाकं मोठाली, डोळ्यांच्या जागी खड्डे. लांबून दिसायला तसेच लागतात. इंजिनिअर माणूस सभ्य होता. सुटलेला दगड दाखवा, दोष गवंड्यांचाच निघेल, असं तिनं ठणकावलं. त्यानं वाद न घालता दोन मजुरांकडून तो दगड उलटा करवला.

बाकी सगळ्या दगडांची पाठ खडबडीत होती. ती बाजू भिंतीत जाते, ती घडवत नाहीत. याची मात्र घडवलेली होती. केसाला केस लावून कोरलेलं मागचं डोकं, आणि खाली अंबाडा. अंबाड्यात आकडा खोचलेला, तोही डावीकडून.

म्हातारी डावखुरी. तिच्यासारखा उलटा आकडा साऱ्या गल्लीत कुणी खोचत नसे. ती चुलीपाशी असताना नवरा मागे भिंतीला टेकून बसायचा, वाढायची वाट बघत. तिला वाटायचं, भुकेनं बसलाय.

"बघा ना आजी," इंजिनिअर समजुतीनं म्हणाला, "एवढ्या गुळगुळीत दगडाला चुना धरणार कसा? पाथरवटाला एवढंही कळू नये?"

जावयानं मान खाली घातली. आता आकाशपाताळ एक होणार, अशी त्याची खात्री होती. म्हातारीनं त्या दगडी अंबाड्यावरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायच्या फंदात ती पडली नाही.

"कळत होतं त्यांना," ती म्हणाली. "सगळं कळत होतं. गवंड्यांना बोल लावू नका."

पुढे गल्लीत कुणी मुद्दाम खोडी काढायला विचारलंच, तर ती भांडत नसे. दगड सुटला त्यात चूक आमच्या ह्यांचीच होती, असं ती मान वर करून सांगायची.