साताऱ्याएवढंच लांब

"सातारा, बघा," असं म्हणून मामा हातातला तिकिटाचा चिमटा एकदा टक्‌ करून वाजवायचे. विषय असायचा दुबईचा.

मी सांगलीच्या एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचो आणि मामा सातारा गाडीवर कंडक्टर. नात्याने कुणाचेच मामा नव्हते, पण अख्खा स्टँड त्यांना मामाच म्हणायचा. आणीबाणी उठल्यानंतर त्यांचा एकुलता एक मुलगा वेल्डर म्हणून दुबईला गेला. त्याला सांताक्रूझला सोडायला गेले तेव्हा मामांनी तिथल्या एका शिपायाला गाठून विमानाची सगळी चौकशी केली. बाराशे मैल, तीन तास. मैल त्यांनी तिथेच सोडून दिले.

"मैल घिऊन काय करायचं? गाडी किती वेळात पोचती ते सांगा. तीन तास म्हंजे आपलं सातारा."

हे सगळं मामींसाठी होतं. मुलगा गेल्यापासून त्या माउलीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मामा समजवायचे, "अगं, मी रोज साताऱ्याला जाऊन सांजच्याला घरी येतोय न्हवं? लय लांब न्हाई ते. तू नुसती हाक मार."

तरी मी त्यांच्या घरी गेलो की मामी हळूच विचारायच्या, "दादा, तुमी खिडकीतलं माणूस. खरंच साताऱ्याएवढंच हाय?"

"हो मामी," मी म्हणायचो. दुसरं काय सांगणार होतो?

दोन वर्षांनी एका सकाळी चूल पेटवता पेटवता मामी गेल्या. मीच धावत जाऊन दुबईला तार केली. गल्ली जमली, तिरडी बांधून झाली. अग्नी मुलानेच द्यायचा, म्हणून एका म्हाताऱ्याने विचारलं, "किती वेळ ठेवायचं?"

"तीन तास," मामा म्हणाले. "पोरगं येतंय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तार कधी पोचणार, रजा कधी मिळणार, आणि मुंबईहून सांगलीलाच रात्रभराचा प्रवास, हे मला कळत नव्हतं होय? पण मी म्हणालो, "थांबूया थोडं."

बारा वाजले, तीन वाजले. मामा दारात उभे राहून गल्लीच्या तोंडाकडे बघत होते. ऊन भिंतीवर चढलं तेव्हा ते स्वतःच आत आले, मडकं उचललं आणि म्हणाले, "चला. तिला किती ताटकळत ठेवायचं." कृष्णेच्या घाटावर अग्नी त्यांनीच दिला.

मुलगा आला एकोणिसाव्या दिवशी. पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता, आणि मालक गावाला गेला होता. बापाच्या पायावर डोकं ठेवून तो ढसाढसा रडला. मामांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"विमानाला किती वेळ लागला रं?"

"तीन तास, आबा."

मामा माझ्याकडे वळले. "बघा. म्या तिला खोटं न्हवतं सांगितलं."

मला तिथे बसवेना. मी उठून बाहेर आलो.

पुढच्या आठवड्यात मामांनी मिरजेची गाडी मागून घेतली. वर्षभरात तेही गेले. सातारा गाडीवर नवा कंडक्टर आला. खिडकीशी कुणी ना कुणी विचारतंच, "साताऱ्याला किती वेळ लागंल, सायेब?"

वेळापत्रक माझ्या डोक्यावरच टांगलेलं असतं. मी म्हणतो, "नक्की सांगता येत नाही."