चार चमचे नाचणी

लेक सात महिन्यांची झाली तशी तिला नाचणीचं सत्त्व भरवायला लागले. आज दुपारी चार चमचे खाऊन तिनं ओठ मिटले आणि मान वळवली. मी पुन्हा चमचा पुढे केला, तर तिनं तो हातानं बाजूला सारला. रागानं नाही, नुसताच. पोट भरलं होतं, विषय संपला.

मी तिच्याकडे बघत राहिले. आपलं पोट भरल्याचं मला शेवटचं कधी कळलं होतं, ते आठवेना. बाळंतपणात वाढलेलं वजन उतरवायचं म्हणून मी जेवताना एकच भाकरी घेते, आणि ही झोपली की ओट्याशी उभी राहून डिंकाचे लाडू खाते. भूक नसते. रडूही येत नसतं. काहीच वाटत नसतं म्हणून खाते, आणि खाल्ल्यावरही काही वाटत नाही.

"उरलेलं तू संपव गं, टाकू नकोस," सासूबाई बाहेरच्या खोलीतून म्हणाल्या. रोज मीच संपवते.

"नको आई, मला भूक नाहीये."

मी वाटी नळाखाली धरली. काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. पोटात थोडी जागा रिकामी होती, तेवढी मी तशीच राहू दिली.