वर आलेली टाकी

कुठेही खड्डा खणला की भाऊ आधी त्यात बादलीभर पाणी ओतायचे आणि काठावर उकिडवे बसायचे. "पाणी कुठी जाते, ते पाहू द्या आधी," म्हणायचे. कंत्राटदार घड्याळाकडे बघायचा, मजूर सावली शोधायचे आणि भाऊ मुरणाऱ्या पाण्याकडे टक लावून बसलेले असायचे.

चंदीगडच्या सेक्टर बावीसमध्ये आमची कचेरी होती. तिथे भाऊ माती तपासणारे इंजिनिअर आणि मी नकाशे काढणारा. मी साताऱ्याचा, ते यवतमाळकडचे. त्यांच्या "हो जी, नाही जी"वर पंजाबी मंडळी जाम खूश असत. परका माणूस किती लवकर आपली रीत शिकला, असं त्यांना वाटे. हे 'जी' भाऊ घरूनच घेऊन आले होते, हे त्यांना कोण सांगणार?

त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो. जेवायला गेलो की त्या तक्रार करायच्या, "यायले मोरीतलं पाणीही कुठी जाते ते पाहा लागते." भाऊ मान खाली घालून हसायचे. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आधी त्याचं हसू येतं, मग त्याच्यावाचून काम सुरू करायची भीती वाटते.

तेव्हा मोहालीत कॉम्प्युटर कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठू लागल्या होत्या. अशाच एका इमारतीच्या आवारात, गाड्या लावायच्या जागेखाली, पावसाचं पाणी साठवून हळूहळू सोडणारी भलीमोठी टाकी बांधायची होती. भाऊ मला म्हणाले, "खाली चिकण माती आहे. पाणी तिच्यावर थांबन आन् रिकाम्या टाकीले खालून उचलन." मग कंत्राटदाराला बजावलं, "ऊपर मिट्टी पड़ने तक टंकी में पानी रखना जी. खाली रखोगे तो ऊपर आ जाएगी."

कंत्राटदार सरदारजी खो खो हसले. "टंकी है जी, किश्ती थोड़ी है!"

पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

त्याच उन्हाळ्यात वहिनींचं यकृत बिघडलं. पोटात पाणी साठू लागलं. सेक्टर बत्तीसच्या इस्पितळात डॉक्टर सुईने ते काढायचे आणि ते पुन्हा भरायचं. हे पाणी येतं कुठून, असं भाऊ डॉक्टरांना परत परत विचारत. डॉक्टर बिचारे परत परत समजावत. बाहेर आल्यावर भाऊ मला म्हणाले, "काढाले काय लागते जी? येणं बंद झालं पायजे."

पाऊस लागला. आतून गिलावा करायचा म्हणून कंत्राटदाराने टाकी उपसून कोरडी केली होती. व्हायचं तेच झालं. टाकीचा एक कोपरा वीतभर वर आला. आमच्या साहेबांनी मला स्कूटरवर इस्पितळात पिटाळलं.

वहिनींचं पोट पुन्हा तट्ट फुगलं होतं. भाऊ उशाशी बसून त्यांच्या कपाळावरून हात फिरवत होते.

"भाऊ, टाकी वर आली. साहेबांनी बोलावलंय. आत्ता पाणी भरलं तर वाचेल का, विचारतायत."

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "येऊ द्या वर."

वहिनींनीच डोळे उघडले. आवाज अगदी खोल गेला होता. "जा न. पाहून या. तुमाले चैन नाही पडणार."

"मी नाही जात कुठी," भाऊ म्हणाले. "इथंच आहो."

मला भडभडून आलं. मी बाहेर जिन्यात जाऊन रडलो आणि तसाच कचेरीत परतलो.

टाकी तडकली. वहिनी त्याच आठवड्यात गेल्या.

यवतमाळला कायमचं परतण्याआधी भाऊ एकदाच कचेरीत आले. टाकीचा विषय काढायची साहेबांनाही छाती झाली नाही. भाऊंनीच मला विचारलं, "तिचं काय केलं मग?"

"तोडली, भाऊ. नवी बांधतोय. या वेळी तुम्ही सांगितलं होतं तसंच करणार."

त्यांनी मान हलवली आणि पायाशी ठेवलेली पिशवी उचलली.

"बरं आहे तुमचं," ते म्हणाले. "तोडून पुन्हा बांधता येते."