मेलेल्या जनावरांचा कैवारी

कोणी हे वाचलंच तर शुद्धलेखनाकडे बघू नका. शिक्षण चौथीपर्यंत, आणि अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं. पण उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत शोधलं तरी माझ्या धाकट्या दिरांसारखा मेलेल्या जनावरांचा कैवारी सापडणार नाही, एवढं मी याच अक्षरात लिहून देईन.

भाऊजींनी उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं, ते माझ्या भिशीच्या पैशांवर. शिलाई मशीन घ्यायची म्हणून मी भिशी लावली होती. माझा नंबर लागला आणि भाऊजी दारात उभे. मला कुणाला नाही म्हणता येत नाही. तेव्हा पोरांकडे मोबाईल नव्हते, डायनासोरचा गेम फार चाले. पण पोरं रंगात आली की भाऊजी मधेच बटण दाबून तो थांबवत. "थांबा! हा शेपूट घासत चालत नव्हता, उचलून धरायचा. आणि हे दोघं लढतायत काय? यांची कधी गाठच पडली नाही, मधे कोट्यवधी वर्षं गेलीत!" एका चपळ, बुटक्या डायनासोरला गेमवाल्यांनी माणसाएवढा केला, वर पिसंही दिली नाहीत, म्हणून ते दिवसभर जेवले नाहीत. अंबरनाथला आमच्या घरी मी कोंबडी केली, तर तंगडी वर धरून म्हणत, "वहिनी, हा त्यांचाच वंश." मग माझ्या घशाखाली घास उतरत नसे.

पोरं पळू लागली. शेजारचा सिंधी कापडवाला माझ्यासमोरच म्हणाला, "अरे साईं, मरे हुओं की इतनी फिकर, और भाभी के पैसे की?" मशीन गेलीच, असं मी धरून चालले.

मग भाऊजींनी नवंच काढलं. गेममधली चूक जो दाखवेल त्याला पाच मिनिटं फुकट! मी कपाळावर हात मारला. पण पोरं चुका शोधायला वाचनालयात जाऊ लागली. पूर्वी कान धरून ओढून नेणाऱ्या आयाच म्हणू लागल्या, "जा रे, दुकानात जाऊन काहीतरी शिकून ये." फुकटची पाच मिनिटं सरली की पोरं पैसे टाकून पुढे खेळत.

दर महिन्याला भाऊजी थोडे थोडे पैसे आणत, चहा पीत आणि एक जनावर सांगून जात. एकदा म्हणाले, "वहिनी, हे शेवटचे. आता मशीन आणा." इतकं हायसं वाटलं की उभ्याउभ्या डोळे भरले. मग उगीच वाटलं, आता भाऊजी कशाला येतील? मी हळूच विचारलं, "ते उडणारं डायनासोर सांगायचं राहिलं ना?"

"ते डायनासोर नव्हतंच मुळी!" म्हणत ते परत बसले.

मी चहा टाकला आणि पैसे मोजून डब्यात ठेवले. पूर्ण होते.