दारातला तिसरा पुकारा

वर्लीन स्टब्स भित्री बाई नव्हती. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात तिनं हत्तीच्या डोक्याएवढी पातेली उचलली होती, नवरा गेल्यावर स्वतः छपरावर चढून पत्रे ठोकले होते. पण भाच्याला जामीन राहिली आणि तेव्हापासून फोन वाजला तरी ती दचकायची. आज कोर्टात त्याला शिक्षा सुनावायची होती, आणि टोबायसचा पत्ता नव्हता.

शेजारच्या बाकावर डब हॅचेट बसला होता. पैसे घेऊन जामीन भरायचा त्याचा धंदा. टोबायससाठी त्यानं कोर्टाला हमी लिहून दिली होती, आणि वर्लीननं त्याला आपलं घर तारण लिहून दिलं होतं.

"वर्लीनबाई, पोरगं कुठंय?"

"येईल. ट्रक बिघडला असेल."

"बरा नेमका कोर्टाच्या दिवशीच बिघडतो! आता शिपाई दारात जाऊन तीनदा नाव पुकारेल. आला तर ठीक. नाही आला तर जामीन जप्त. कोर्ट माझी मान धरणार आणि मी तुमची."

"घराशिवाय काय आहे रे माझ्याकडं?"

"म्हणून तर तेच लिहून घेतलं."

पडक्या तेलविहिरीवरची तांब्याची तार पोरानं चोरली आणि घाम फुटला मावशीला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

न्यायाधीशांनी मान हलवली तसा शिपाई कोर्टाच्या मोठ्या दाराकडे निघाला. वर्लीनही मागोमाग गेली.

"टोबायस प्रुइट!"

चौकातल्या पेकनच्या झाडाखाली एक कुत्रं तेवढं उठून बसलं.

"टोबायस प्रुइट!"

तेवढ्यात तिला तो दिसला. समोरच्या पेंडीच्या दुकानाआड त्याचा ट्रक सुरूच होता आणि काचेमागे ती मळकी टोपी होती. तो ऐकत होता. आत आला तर थेट तुरुंगात जाणार, निघून गेला तर तिचं घर जाणार. तिला दोन्हींची भीती वाटत होती, आणि घराची जास्त वाटत होती. याचीच तिला लाज वाटली.

"तिसरा पुकारा मी करू?" तिनं शिपायाला विचारलं.

तो घुटमळला. त्यानंही कधीतरी तिच्या हातचं खाल्लं होतं. "करा. पण नाव स्पष्ट घ्या."

"टोबायस प्रुइट!" ती ओरडली. मग रोज संध्याकाळी ओसरीवरून त्याच्या लाडक्या नावानं घालायची तीच साद तोंडून निघाली, "बिस्किटा! चल रे, जेवायला वाढलंय!"

ट्रक बंद झाला. टोबायस उतरला, रस्ता ओलांडून आला, आणि सवयीनं दारातल्या पायपुसण्यावर बूट पुसून त्यानं टोपी काढली. पोलिसानं त्याचा दंड धरला.

"सुटलात बाई, घर वाचलं," हॅचेट म्हणाला.

टोबायसनं मावशीकडं पाहिलं.

"काय केलंयस जेवायला?"

भीतीच्या मारे वर्लीननं सकाळपासून गॅससुद्धा पेटवला नव्हता.